अर्ध्यावरची चिठ्ठी

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या घरी चिवड्याचा मोठा डबा उघडतो आणि त्याच्याच शेजारी पत्र्याचा एक लहान डबा ठेवला जातो. मोठ्या डब्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही, तो तासाभरात रिकामा होतो. लहान डब्यात मात्र गेल्या अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या साफ चुकीच्या आहेत. आम्ही डोंबिवलीतली पाच माणसे रहस्यकथा आणि थरारकथा यांच्या नादाने एकत्र येतो आणि सध्या कोण काय वाचत आहे यावर बोलतो. ‘सध्या’ या शब्दावर आमचा फार कटाक्ष आहे. वाचून संपलेले पुस्तक बैठकीत आणता येत नाही. पुस्तक साधारण दोन तृतीयांश वाचायचे, तिथे खूण घालून थांबायचे, आपल्याला काय वाटते ते एका कागदावर लिहायचे, त्यावर तारीख, पानाचा क्रमांक आणि सही करायची आणि तो कागद घडी घालून डब्यात टाकायचा. उरलेले पुस्तक घरी जाऊन वाचायचे, आणि पुढच्या महिन्यात सर्वांसमक्ष चिठ्ठी उघडायची.

हा उपद्व्याप कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले आहे. कारण एकच आहे. रहस्यकथा संपल्यावर प्रत्येक वाचक “मला आधीच वाटलं होतं” असे म्हणतो, आणि ते बहुतेक वेळा खोटे असते. तो जाणूनबुजून खोटे बोलत नाही. कथेत दहा जण असतील तर त्याला दहाही जणांबद्दल कधी ना कधी शंका आलेली असते, आणि शेवट कळल्यावर त्यांतली नेमकी तेवढी एक शंका लक्षात राहून उरलेल्या नऊ पुसल्या जातात. म्हणून पुस्तक संपल्यानंतरचे मत मला फारसे उपयोगाचे वाटत नाही. ते पुस्तकाविषयीचे मत नसते, शेवटाविषयीचे असते. माणूस पुस्तकात पूर्ण बुडालेला असतो, कोणावरही विश्वास ठेवायला तयार नसतो आणि तरीही कोणावर तरी ठेवून बसलेला असतो, त्या अर्ध्यावरच्या अवस्थेतले मत खरे. ते पकडून ठेवायला चिठ्ठीखेरीज दुसरा उपाय आम्हाला सापडलेला नाही.

या पद्धतीची कल्पना मला एका पेन्सिलीने दिली. एका वाचनालयातून मी अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या एका कादंबरीची जुनी प्रत आणली होती. पुठ्ठ्याची बांधणी, दोऱ्याने शिवलेली पाने, कडा पिवळ्या पडलेल्या. एकशे बाराव्या पानावर एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलीने जाड रेघ ओढलेली होती आणि समासात सुंदर, वळणदार अक्षरात लिहिले होते, “हाच खुनी!” शुद्धलेखनही बिनचूक होते, त्यामुळे राग आणखी वाढला. लोकलमध्ये उभी असताना हे वाचले आणि ठाण्यापासून पुढचा सगळा प्रवास मी त्या अनोळखी वाचकाला मनातल्या मनात बोल लावण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन तक्रार केली. तिथल्या गृहस्थांनी पान पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे म्हणाले, “बाई, आधी पुस्तक पूर्ण करा.” मी ते चिडूनच पूर्ण केले. खुनी भलताच निघाला. पेन्सिलवाल्या वाचकाने रहस्य फोडलेले नव्हते, त्याने आपला अंदाज नोंदवला होता, तोही छातीठोकपणे, उद्गारचिन्ह देऊन. पुढे तोंडघशी पडल्यावर मागे येऊन ते खोडण्याचे धैर्य त्याला झाले नसावे, किंवा खोडरबर जवळ नसावे. (कादंबरीचे नाव सांगत नाही. सांगितले तर तुमच्यासाठी एक संशयित कमी होईल.) त्या वाचकाविषयी मला नंतर इतकी आपुलकी वाटू लागली की पुस्तक परत करताना ती ओळ मीही खोडली नाही.

आमच्याआधी हे कोणी केले नाही असा आमचा मुळीच दावा नाही. एलरी क्वीन या नावाने ब्रुकलिनमधले दोन मावसभाऊ, फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली, मिळून लिहीत असत. १९२९ सालच्या त्यांच्या पहिल्या कादंबरीपासून त्यांनी एक प्रथा पाडली. शेवटाच्या थोडे आधी कथा थांबते आणि वाचकाला उद्देशून एक निवेदन येते, की उलगड्यासाठी लागणारी सर्व माहिती आता तुमच्यासमोर आहे, तेव्हा पुढे जाण्याआधी उत्तर तुम्हीच शोधा. त्याच्याही आधी, १९०५ साली, एडगर वॉलेस या इंग्रज लेखकाने आपल्या कादंबरीतल्या खुनाची उकल ओळखणाऱ्यांसाठी ५०० पौंडांची बक्षिसे जाहीर केली होती. बरोबर उत्तर देणाऱ्या किती जणांना पैसे द्यायचे याची मर्यादा घालायला तो विसरला, आणि उत्तर बरोबर देणारे पुष्कळ निघाले. पुस्तक तडाखेबंद खपले आणि लेखक कर्जात बुडाला. आमच्या गार्डकाकांना ही हकिकत फार आवडते. चिठ्ठी बरोबर आल्यास बक्षीस ठेवावे अशी सूचना कोणी केली की ते वॉलेसचे नाव घेतात आणि विषय तिथेच संपतो.

गार्डकाका म्हणजे मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. या हुद्द्याला आता ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, पण तो शब्द काकांच्या तोंडी अजून बसलेला नाही. त्यांनी मागच्या पावसाळ्यात सेइचो मात्सुमोतो यांची ‘टोकियो एक्स्प्रेस’ वाचायला घेतली, आणि आमच्या अकरा वर्षांत कोणत्याही पुस्तकावर झाली नसेल एवढी चर्चा त्या लहानशा कादंबरीवर झाली. ती मुळात १९५७-५८ मध्ये ‘ताबी’ नावाच्या जपानी पर्यटन मासिकातून क्रमशः आली. पर्यटन मासिकात खुनाची कथा छापावी हे जरा विचित्र वाटते, पण कथा वाचली की उलगडा होतो, कारण तिचे खरे नायक रेल्वेचे वेळापत्रक आहे. क्यूशू बेटावर हाकाताजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एक पुरुष आणि एक स्त्री मृतावस्थेत सापडतात. प्रेमिकांनी मिळून आत्महत्या केली असे सर्वांना वाटते. तिथल्या एका वयस्क पोलिसाला मात्र पुरुषाच्या खिशात गाडीतल्या भोजनयानाची पावती सापडते आणि ती एकाच माणसाच्या जेवणाची असते. प्रेयसीबरोबर मरायला निघालेला माणूस एकटाच का जेवला? एवढ्याशा प्रश्नावर तो म्हातारा अडून बसतो. त्याचे हे अडून बसणे मला उरलेल्या सगळ्या तपासापेक्षा अधिक आवडले.

काकांचा जीव मात्र दुसऱ्याच जागी अडकला होता. त्या दोघांना टोकियो स्थानकात क्रमांक १५ च्या फलाटावरून ‘आसाकाझे’ या गाडीत चढताना तिघांनी क्रमांक १३ च्या फलाटावरून पाहिलेले असते. मधल्या रुळांवर सतत गाड्या उभ्या असल्यामुळे १३ वरून १५ दिसतच नाही. दिवसभरात फक्त चार मिनिटे, संध्याकाळी ५:५७ ते ६:०१ या वेळात, नजर मोकळी असते, आणि साक्षीदार नेमके त्याच चार मिनिटांत तिथे उभे असतात. काकांनी चौकटीची वही काढली, तीन फलाट आणि त्यांच्यामधले रूळ आखले, आणि कोणती गाडी कधी येते व कधी सुटते याच्या रेघा लाल आणि निळ्या पेनाने ओढल्या. मग म्हणाले, “आपल्याकडे ही कादंबरी दुसऱ्या पानावर संपली असती. अमुक गाडी सात मिनिटं उशिरा आली की खुन्याचा सगळा बेत गेला पाण्यात.” सगळे हसले, आणि त्याबरोबर काका गंभीर झाले. त्यांचे म्हणणे असे, की गाडी उशिरा धावली तरी ती किती उशिरा धावली हे कुठे ना कुठे लिहिलेले असते. प्रवाशांचे वेळापत्रक वेगळे, कर्मचाऱ्यांचे वर्किंग टाइमटेबल वेगळे, आणि प्रत्यक्षात काय घडले त्याची गार्डच्या हातची नोंद त्याहून वेगळी. “वेळापत्रक म्हणजे काय घडायला हवं ते. माझी नोंद म्हणजे काय घडलं ते. खोटं बोलायचं असेल तर माणूस नेहमी पहिल्याचा आधार घेतो.” रहस्यकथेविषयी इतके नेमके वाक्य मी कुठल्याच समीक्षेत वाचलेले नाही.

काकांनी डब्यात टाकलेल्या चिठ्ठीवर नाव नव्हतेच, एक वेळ आणि एका स्थानकाचे नाव होते. ते चुकले असे म्हणता येणार नाही, कारण त्या कादंबरीत संशय कोणावर घ्यायचा हे लेखक फार काळ लपवतच नाही. एक माणूस देशाच्या दक्षिण टोकाला गुन्ह्याच्या वेळी असायला हवा आणि पुरावे सांगतात की तो उत्तरेला होक्काइडोत होता, हा खरा पेच आहे. पुढच्या महिन्यात चिठ्ठी उघडली तेव्हा ती निम्मी बरोबर निघाली. निम्मी चूक कोणती हे मी सांगणार नाही, पण ती कळल्यावर नोकरीचा सगळा जन्म रुळांवर काढलेला माणूस पाच मिनिटे काही बोलला नाही. मग त्याने वहीतल्या त्याच रेघांवर एक हिरवी रेघ ओढली आणि चहा मागितला.

पुस्तकाचा उल्लेख करायचा पण गाठ सोडायची नाही, ही कसरत आम्हाला आता सवयीची झाली आहे. तिच्यासाठी आम्ही केलेला एकमेव लेखी नियम असा, की ज्या कथेला शंभर वर्षे पूर्ण झाली तिचे रहस्य उघडपणे बोलता येईल. हा नियम सोयीचा होता. त्यामुळे कॉनन डॉइलची १८९२ सालची ती ठिपकेदार पट्ट्याची कथा आम्हाला मनसोक्त उलगडता आली. आमच्यातल्या वहिनी औषधाच्या दुकानात बसतात आणि माहेरच्या बत्तीस शिराळ्याच्या, म्हणजे नागपंचमी अंगणात पाहिलेल्या. त्या कथेतला भारतातून आणलेला साप बशीतले दूध पितो, शिट्टी ऐकून परत येतो आणि घंटेच्या दोरावरून चढउतार करतो. वहिनींनी हे वाचून पुस्तक मिटले आणि म्हणाल्या, “साप दूध पीत नाही, हे आता शाळेतली पोरंही नागपंचमीला सांगतात. आणि ज्याला बाहेरचा कानच नाही, तो शिट्टी ऐकून यायला काय टॉमी आहे का?” होम्सच्या तर्कशक्तीचे माझ्या मनावर लहानपणापासून असलेले दडपण त्या एका दुपारी बरेच कमी झाले. तरीही खरे सांगायचे तर त्या बंद खोलीतल्या अंधारात होम्स आणि वॉटसन वाट पाहत बसतात ते दृश्य आजही तितकेच चढते, दूध असो वा नसो.

नियम अडचणीत आला तो ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’मुळे. ख्रिस्तीची ही कादंबरी १९२६ ची, म्हणजे २०२६ मध्ये तिचे शंभर वर्षांचे संरक्षण संपते. गार्डकाका म्हणाले, नियम म्हणजे नियम. माझा भाचा म्हणाला, “मावशी, मी ती अजून वाचलेली नाही, माझ्यासमोर कोणी तोंड उघडलं तर मी यायचं बंद करेन.” शेवटी त्या एका पुस्तकासाठी नियमाला अपवाद जोडावा लागला, आणि तो कागदही आता त्याच पत्र्याच्या डब्यात आहे. ती कादंबरी वाचलेल्यांमध्ये मात्र जुनाच वाद पुन्हा पेटला, की लेखिकेने वाचकाला फसवले की नाही. वहिनींचे मत फसवले, आणि तेही पदर खोचून. मी कादंबरी दुसऱ्यांदा वाचायला घेतली ती पेन्सिल हातात धरूनच, आणि ज्या ज्या वाक्याने पहिल्या वेळी मला चकवले होते त्याच्यापाशी एक लहानसा ठिपका काढत गेले. प्रत माझी स्वतःची होती, हे सांगून ठेवते. ठिपक्यांपैकी एकही वाक्य खोटे नव्हते. मला जे वाटले ते माझे मीच मानून घेतले होते, तिने तसे कुठेही लिहिलेले नव्हते. रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने १९२९ साली गुप्तहेरकथेचे दहा नियम घालून दिले. त्यांत एकाहून अधिक गुप्त खोली किंवा भुयार नसावे, सूचना न देता जुळी भावंडे आणू नयेत, अशा गमतीदार अटी आहेत. मला मात्र एवढा एकच नियम पुरेसा वाटतो, की मी दुसऱ्यांदा वाचताना लेखकाला शब्दात पकडता येऊ नये. वहिनींना हे मान्य नाही. त्या म्हणतात की वाक्य खरे असूनही हेतू खोटा असू शकतो, आणि औषधाच्या दुकानात वीस वर्षे बसल्यावर हे कळतेच.

वहिनी ख्रिस्ती वाचतात त्या विषाच्या अंगाने. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीने टॉर्की या आपल्या गावी रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून आणि मग औषधविभागात काम केले होते, आणि १९२० साली आलेल्या तिच्या पहिल्याच कादंबरीतला विषप्रयोग इतका काटेकोर होता की औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने त्या पुस्तकाचे कौतुक केले. वहिनी चिठ्ठीवर माणसाचे नाव लिहितच नाहीत, विषाचे नाव आणि ते दिले गेले असेल तो पदार्थ लिहितात, आणि आमच्यात त्यांचीच बरोबर उत्तरे सर्वांत जास्त आहेत. त्यांनीच सांगितलेली एक सत्यघटना आमच्या सगळ्या खटाटोपाला फार जवळची आहे. १९७७ साली कतारहून लंडनच्या एका रुग्णालयात दीड वर्षाचे एक मूल आणले गेले. डॉक्टरांना निदान होईना. तिथली एक परिचारिका त्या दिवसांत ख्रिस्तीची १९६१ सालची एक कादंबरी वाचत होती. मुलाचे गळणारे केस पाहून तिने डॉक्टरांना सुचवले, की हा थॅलियमचा प्रकार तर नसेल? तपासणीत थॅलियमच निघाले आणि मूल वाचले. कादंबरीचे नाव आमच्या नियमात बसत नाही, म्हणून लिहिलेले नाही. मला त्यातली कळीची गोष्ट वाटते ती अशी, की ते पुस्तक तिच्या सध्याच्या वाचनात होते. दहा वर्षांपूर्वी वाचून कपाटात ठेवलेले असते, तर केस आणि कथा यांची गाठ पडली असती की नाही कोण जाणे.

चिठ्ठीची पद्धत सगळीकडे चालत नाही, हे आम्हाला अण्णांनी दाखवून दिले. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गिरगावच्या चाळीत वाढलेले आणि बाबूराव अर्नाळकरांचे निस्सीम भक्त. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. अण्णांनी त्यांतल्या किती वाचल्या याचा हिशेब त्यांच्याकडे नाही, कारण पुस्तके दिवसाच्या भाड्याने आणायची आणि दुसरा दिवस चढण्याच्या आत परत करायची अशी रीत होती. रात्री घरातला दिवा मालवला की गॅलरीतल्या दिव्याखाली वाचायचे, आणि त्या दिव्याखाली आधीच दोघे बसलेले असले तर तिघांनी एकच पुस्तक वाचायचे, ज्याचा वेग कमी त्याच्यासाठी पान उलटायला थांबायचे. अण्णा सध्या झुंजारच्या कथा पुन्हा वाचत आहेत. आम्ही त्यांना कागद दिला तर त्यांनी तो परत केला. “झुंजार सुटणार हे मला पहिल्या पानावरच ठाऊक आहे. चिठ्ठीवर काय लिहू, ‘सुटला’ म्हणून?” त्यांचे बरोबर होते. झुंजार, काळापहाड, धनंजय यांच्या कथांत वाचकाला कोडे घातलेले नसते, त्याला पाठीमागे धावायला लावलेले असते. मराठीत आपण ‘रहस्यकथा’ हा एकच शब्द दोन्हींना वापरतो. त्यामुळे अर्नाळकरांना ख्रिस्तीच्या मापाने मोजायचे आणि मग ते लहान ठरले म्हणून हळहळायचे, असा एक उद्योग आपल्याकडे बरीच वर्षे चालला आहे. मीही तो केलेला आहे. अण्णांनी तो कोरा कागद परत केला, त्यानंतर करीत नाही.

थरारकथेचेही तसेच. फ्रेडरिक फोरसाइथची ‘द डे ऑफ द जॅकल’ १९७१ ची. तीत फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारण्याचा कट आहे, आणि द गॉल तर पुस्तक येण्याच्या आदल्याच वर्षी आपल्या घरी नैसर्गिक मृत्यूने गेले होते. म्हणजे कट फसणार हे प्रत्येक वाचकाला पुस्तक हातात घेतानाच माहीत होते, आणि तरीही ते रात्र रात्र जागून वाचले गेले. तिथे चिठ्ठीवर लिहिण्यासारखे काहीच नसते. फार तर झोप किती वाजता लागली ते लिहावे.

सर्वांत अवघड चिठ्ठी लिहिली ती भाच्याने. तो केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ वाचत होता. २००५ साली आलेल्या या जपानी कादंबरीला तिथला मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला, आणि २०२३ मध्ये तिच्यावरून हिंदी चित्रपटही निघाला. चित्रपट पाहिलेल्या वहिनींना त्या दिवशी बोलायला बंदी होती, आणि त्या तोंडात चिवडा भरून बसल्या होत्या. या कादंबरीत खून कोणी केला हे सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांसमोर घडते. छळायला आलेल्या माजी नवऱ्याला एक बाई आणि तिची मुलगी मिळून मारतात, आणि शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक ते निस्तरण्याची जबाबदारी घेतो. खुनी माहीत, कारण माहीत, हत्यार माहीत. भाचा कागद पुढ्यात घेऊन पंधरा मिनिटे पेन चावत बसला. मग त्याने विचारले, “मावशी, नेमका प्रश्न काय आहे हेच कळत नाहीये, उत्तर काय लिहू?” त्याला मी काही सांगितले नाही, पण त्या पुस्तकाविषयी याहून अचूक काही बोलता येईल असे मला वाटत नाही. त्याने शेवटी एक ओळ लिहिली. पुढच्या महिन्यात त्याने चिठ्ठी उघडली, स्वतःशी वाचली आणि मोठ्याने न वाचता शर्टाच्या खिशात ठेवून दिली. नियमाप्रमाणे ती वाचून दाखवायला हवी होती. कोणीही आग्रह केला नाही. ते पुस्तक वाचलेल्या माणसाला थोडा वेळ तसे सोडून द्यावे लागते.

आता माझी पाळी आहे. मी सध्या सेइशी योकोमिझो यांची ‘द होनजिन मर्डर्स’ वाचत आहे. मूळ कथा १९४६ सालची, म्हणजे युद्धात हरलेल्या जपानमध्ये लिहिलेली, आणि तिथल्या रहस्यकथाकारांच्या संघटनेने १९४८ मध्ये दिलेला पहिला पुरस्कार तिलाच मिळाला. इंग्रजीत यायला तिला २०१९ उजाडावे लागले. ओकायामा प्रांतातल्या खेड्यात, १९३७ च्या हिवाळ्यात, एका प्रतिष्ठित घराण्याच्या थोरल्या मुलाचे लग्न होते. त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास, नवदांपत्याच्या दालनातून किंकाळी ऐकू येते आणि पाठोपाठ कोतो या जपानी तंतुवाद्याच्या तारा कोणीतरी वेड्यासारख्या छेडल्याचा आवाज येतो. दारे आतून बंद, बाहेर नुकताच पडलेला बर्फ, त्यावर एकही पाऊल उमटलेले नाही, आणि बागेत मधोमध रक्ताने माखलेली तलवार बर्फात उभी रोवलेली. तपास करायला येतो तो किंडाइची नावाचा गबाळा तरुण, जो बोलताना अडखळतो आणि विचार करताना डोके खाजवतो. पाश्चात्त्य कथांतल्या बंद खोल्यांची यादी लेखक सुरुवातीलाच देऊन टाकतो, म्हणजे त्या सगळ्या युक्त्या मला ठाऊक आहेत, आता माझी पाहा, असे बजावल्यासारखे. या ऐटीमुळे मी पहिल्या दहा पानांतच त्याच्या बाजूची झाले, आणि हाच माझा दोष आहे. लेखक आवडला की मी त्याच्या प्रत्येक वाक्यावर विश्वास ठेवू लागते. माझ्या चुकलेल्या चिठ्ठ्यांपैकी बहुतेक याच कारणाने चुकलेल्या आहेत.

काल रात्री मी पान एकशे सव्वीसवर खूण घालून थांबले आणि चिठ्ठी लिहिली. एक नाव, एक कारण आणि कोतोच्या आवाजाविषयी एक ओळ. तलवार बागेत कशी गेली याबद्दल काहीच लिहिता आले नाही, म्हणून तिथे प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह काढले. घडी घालून डब्यात टाकली आणि झाकण लावले. इतक्यात गार्डकाकांचा फोन आला. त्यांनी हे पुस्तक दोन वर्षांपूर्वीच वाचले आहे, तेव्हा त्यांना विचारायचे नाही आणि त्यांनी सांगायचे नाही, हे दोघांनाही माहीत होते. शनिवारी येताना खारी आणू की बटर, एवढेच त्यांनी विचारले, आणि मग सहज विचारल्यासारखे म्हणाले, “कुठवर आलीस?” मी पानाचा क्रमांक सांगितला.

“बरं,” काका म्हणाले.

हे ‘बरं’ नेहमीपेक्षा अंमळ लांब होते. मी फोन ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन दूध विरजले, ओटा पुसला, आणि मग डबा उघडून माझी चिठ्ठी बाहेर काढली. पुन्हा वाचली. नावावर पेन टेकवून बराच वेळ उभी राहिले. मग ती होती तशीच घडी घालून परत आत टाकली, कारण तारीख आणि सही दोन्ही करून झाली होती.